ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल, १८९२ - ३१ ऑगस्ट, १९७३) या मराठी शिक्षणतज्ज्ञ आणि भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या चळवळीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत. गिजुभाई बधेका यांच्या सहकारी म्हणून भावनगर येथे त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे दादर, बोर्डी आणि कोसबाड येथे त्यांनी ते स्वतंत्रपणे वाढवले. आज देशभर रूढ असलेला अंगणवाडी हा शब्द आणि त्यामागील कल्पना त्यांच्या बोर्डी येथील प्रयोगातून आली. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुलाची तयारी कशी व्हावी आणि त्याच्या आईवडिलांची तयारी कोणी करून घ्यावी, या दोन प्रश्नांभोवती त्यांचे सुमारे पन्नास वर्षांचे कार्य उभे आहे. भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण पुरस्कार दिला.

जन्म आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म मुंबईत झाला. सदाशिवराव केळकर हे त्यांचे वडील आणि उमाबाई या आई. दोघेही प्रार्थना समाजाशी निगडित असल्याने घरातील वातावरण सुधारणावादी होते आणि मुलीच्या शिक्षणाला घरातून विरोध होण्याचा प्रश्न नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीपर्यंत पोहोचलेल्या मराठी स्त्रिया मोजक्याच होत्या. त्यानंतर अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना प्रभा ही कन्या झाली. हा संसार टिकला नाही. पतीपासून विभक्त झाल्यावर लहान मुलीसह स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी त्यांनी नोकरी पत्करली.

राजकोट आणि भावनगर

राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या स्त्री-शिक्षकांच्या प्रशिक्षण संस्थेच्या त्या प्राचार्य झाल्या. मान आणि वेतन या दोन्ही दृष्टींनी हे पद सुस्थिर होते. ते सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत दाखल झाल्या. एकट्या आईने असा निर्णय घेणे आजही सोपे मानले जाणार नाही.

दक्षिणामूर्तीची स्थापना नानाभाई भट्ट यांनी १९१० साली केली होती. वकिली सोडून तेथे आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर सुरू केले. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा आधार घेतलेले, परंतु गोष्टी, लोकगीते, नाट्य आणि गप्पा यांना माँटेसरींपेक्षा अधिक स्थान देणारे हे बालमंदिर होते. मुलांना मारायचे नाही, भय दाखवायचे नाही आणि बक्षिसाची लालूचही दाखवायची नाही, हे तेथील मूळ सूत्र होते. ताराबाईंनी तेथे प्रत्यक्ष शिकवण्याबरोबर गिजुभाईंच्या जोडीने लेखन, संपादन आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचेही काम केले. मातृभाषा मराठी असूनही गुजराती भाषेवर त्यांनी चांगले प्रभुत्व मिळवले. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

हे काम का महत्त्वाचे होते, हे कळण्यासाठी त्या काळातील शाळाप्रवेशाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. मराठी व गुजराती मध्यमवर्गीय घरांत मुहूर्त पाहून, बहुधा दसऱ्याला, मुलाला पाटी देत, सरस्वतीपूजन होई आणि खाऊ वाटला जाई. समारंभ झाला की तयारी पूर्ण झाली असे समजले जाई. त्याआधीची काही वर्षे मात्र त्याच घरात शाळेचा उल्लेख धाक म्हणून झालेला असे: हट्ट केला की शाळेत घालू, मास्तर फोडून काढतील. त्यामुळे पहिल्या दिवशी मूल दाराला घट्ट धरून बसे आणि मोठी मुले त्याची उचलबांगडी करून त्याला वर्गात नेऊन सोडत. त्या पिढीच्या आत्मचरित्रांत अशा प्रसंगांची वर्णने वारंवार आढळतात, आणि बहुतेक ठिकाणी ती गमतीने केलेली आहेत. ताराबाईंनी या रडण्याकडे गंमत म्हणून पाहिले नाही. मुलाच्या पहिल्या दिवसाची भीती शाळेत निर्माण होत नसून घरी, वर्षानुवर्षे, आईवडिलांच्या तोंडून तयार होते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून मुलाबरोबर पालकांनाही शिकवले पाहिजे या निष्कर्षावर त्या आल्या.

शिक्षणपत्रिका आणि पालकांचे शिक्षण

बालशिक्षणाच्या प्रचारासाठी गिजुभाई आणि ताराबाई गुजराती शिक्षणपत्रिका चालवत असत. १९३३ पासून तिची मराठी आवृत्ती ताराबाईंच्या संपादकत्वाखाली निघू लागली. शिक्षकांइतकाच पालक हा या मासिकाचा वाचक होता. मुलाचा हट्ट, खोटे बोलणे, भीती, जेवणाच्या तक्रारी, खेळणी, शिस्त आणि शिक्षा असे रोजच्या घरातले विषय त्यात हाताळले जात. बालकांचा हट्ट आणि बालविकास व शिस्त ही त्यांच्या पुस्तकांची नावेच त्यांचा रोख कोठे होता ते सांगतात. त्यांनी मुलांसाठीही लेखन केले. नदीची गोष्ट हे त्यांचे पुस्तक त्यांपैकी होय.

पालकांसाठीच्या त्यांच्या मांडणीत एक मुद्दा पुनःपुन्हा येतो. शाळापूर्व तयारी म्हणजे अक्षरे आणि अंक आधीच घोटवून घेणे नव्हे. स्वतःच्या हाताने जेवणे, गुंड्या लावणे, चपला जागेवर ठेवणे, पाणी न सांडता ओतणे, आपल्याला काय हवे ते शब्दांत सांगता येणे आणि आई काही वेळ दृष्टीआड गेली तरी ती परत येईल असा विश्वास असणे, ही खरी तयारी होय. माँटेसरी पद्धतीत या कामांना जीवनव्यवहाराचे शिक्षण म्हणतात आणि लेखनाच्या आधी त्यांचा क्रम लागतो. याला कारणही आहे. दट्ट्यांच्या खोक्यातील लाकडी दट्टे तीन बोटांनी उचलून योग्य भोकात बसवताना मुलाची तीच बोटे तयार होतात, जी पुढे पेन्सिल धरणार असतात. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवताना अक्षराचे वळण हाताला आधी कळते आणि डोळ्याला त्याचा अर्थ नंतर लागतो. हात तयार नसताना पाटीवर गिरवायला बसवलेले मूल अक्षराबरोबर अपयशही शिकते. ही गोष्ट सुशिक्षित पालकांच्या गळी उतरवणे ताराबाईंना सर्वांत कठीण गेले असावे, कारण त्याच पालकांना आपले मूल इतरांच्या पुढे असावे अशी घाई असते.

दादरचे शिशुविहार

ताराबाईंनी पुढे भावनगर सोडून मुंबई हे कार्यक्षेत्र केले. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. बालमंदिराबरोबरच मराठी भाषेतून बालशिक्षिका तयार करणाऱ्या अध्यापन मंदिराचे कामही तेथून चाले. महाराष्ट्रात निघालेल्या अनेक बालमंदिरांना शिक्षिका पुरवण्याचे काम या प्रशिक्षणाने केले. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाल्यावर संघाच्या कामाचा भार मुख्यतः ताराबाईंवर आला. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. माँटेसरी भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे शहरांतून या पद्धतीचे आकर्षण वाढले.

मात्र ती शहरांपुरती आणि सुखवस्तू घरांपुरतीच राहिली. प्रमाणित साधनसंच महाग होता आणि बालमंदिराची फीही सर्वांना परवडणारी नव्हती. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत असताना बालशिक्षण शहरातील थोड्या मुलांची चैन होऊन बसावे, याची खंत ताराबाईंना वाटू लागली. वातावरणही बदलत होते. १९४४ च्या सार्जंट अहवालाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शिशुवर्गांची शिफारस केली होती. महात्मा गांधींच्या नयी तालीम योजनेतही सुमारे त्याच वेळी पूर्वबुनियादी, म्हणजे सात वर्षांच्या आतील मुलांच्या शिक्षणाचा विचार पुढे आला. ताराबाईंनी दादरमधील सुस्थापित काम इतरांच्या हाती सोपवून खेड्यात जायचे ठरवले, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या.

बोर्डी

ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) डहाणू तालुक्यात समुद्रकाठी असलेल्या बोर्डी या गावी १९४५ च्या अखेरीस नूतन बालशिक्षण संघाचे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. चिकूच्या वाड्या, सुरूचे बन, गावात एक नावाजलेली माध्यमिक शाळा आणि आचार्य भिसे यांच्यासारखा शिक्षक, अशी ही अनुकूल जागा होती. गावाच्या कडेला आणि आतल्या डोंगराळ भागात मात्र वारली व अन्य आदिवासींचे पाडे होते. तेथील लोक जमीनदार व ठेकेदारांकडे गवतकापणी आणि जंगलतोडीच्या कामावर राबत. वेठबिगारीविरुद्धचा वारल्यांचा लढा याच परिसरात याच वर्षी पेटला होता.

केंद्रात ताराबाईंबरोबर अनुताई वाघ आल्या. बालविधवा असलेल्या आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी केलेल्या अनुताई तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. पुढील २८ वर्षे या दोघींनी एकत्र काम केले. कल्पना आणि मांडणी ताराबाईंची, तर ती रोज पाड्यावर जाऊन तडीस नेण्याचे कष्ट अनुताईंचे, असे सामान्यतः म्हटले जाते. ही विभागणी तंतोतंत खरी नाही, कारण अनेक कल्पनांचा उगम अनुताईंना पाड्यांवर आलेल्या अनुभवांत आहे.

केंद्रात बालवाडी उघडली. बालमंदिर हा शब्द खेड्यात अवघड वाटेल म्हणून हे नाव पुढे आले. किनारपट्टीवर वाडी म्हणजे बागही आणि वस्तीही, त्यामुळे ते चपखल बसले. गावातील बऱ्या स्थितीतील घरांची मुले येऊ लागली. हरिजन वस्तीतील आणि पाड्यांवरील मुले मात्र आली नाहीत. बोलावणी गेली, समजूत घालून झाली, तरी जागा रिकाम्याच राहिल्या. याची कारणे साधी होती. आईवडील पहाटे कामावर जात आणि मुलाला तयार करून पोहोचवायला घरी कोणी नसे. अंगावर धड कपडा नसलेल्या मुलाला गावातून चालत नेण्याची आईला लाज वाटे. ज्या वस्तीला गावाने पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले, तिने एका बोलावण्यावर गावातल्या इमारतीत मुले पाठवावी, ही अपेक्षाच चुकीची होती.

इतर ठिकाणी अशा वेळी पालकांच्या उदासीनतेला दोष देऊन काम थांबते. ताराबाई आणि अनुताईंनी उलट दिशा धरली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवून शिक्षिका सकाळी वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, पाणी आणायचे, जमलेल्या मुलांची तोंडे धुवायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी व खेळ सुरू करायचे, असा हा क्रम होता. अंगणात भरणारी ती अंगणवाडी.

या जागेचा एक मोठा फायदा हळूहळू लक्षात आला. इमारतीतील बालवाडीत आई दारापर्यंतच येते. अंगणात मात्र ती ओट्यावर बसून, हातातले काम करता करता सर्व पाहत असते. मुलाला न मारता ऐकायला लावता येते, खरूज आणि डोळे येणे पुष्कळ अंशी स्वच्छतेने टळते, आपले मूल गाणे म्हणते आणि प्रश्न विचारते, हे तिला कोणी वेगळे सांगावे लागत नसे. दादरमध्ये जे काम मासिकातील लेखांनी करायचे होते, ते निरक्षर आईसाठी अंगणाने केले. पालकांच्या शिक्षणाचा याहून स्वस्त आणि परिणामकारक मार्ग त्यानंतरही फारसा कोणाला सापडलेला नाही. शिक्षिकेशी ओळख झाली आणि घर व शाळा यांतील भीती गेली की अंगणातील मुले हळूहळू मध्यवर्ती बालवाडीत आणि तेथून प्राथमिक शाळेत जाऊ लागत.

साधनांचा प्रश्नही असाच जागेवर सोडवला गेला. शंख, शिंपले, चिंचोके, रंगीत बिया, पाने, बांबूच्या कांड्या, मातीची भांडी यांतून मोजणे, जुळवणे, लहानमोठे लावणे आणि रंग ओळखणे शिकवता येते. यामुळे माँटेसरींच्या पद्धतीचे तत्त्व राहिले आणि खर्च गेला. काटेकोर माँटेसरीवाद्यांना हे रुचण्यासारखे नव्हते, कारण मूळ साधनांत चूक मुलाला आपोआप कळेल अशी अचूक रचना असते आणि चिंचोक्यांत ती नसते. ही टीका अगदीच चुकीची नाही. परंतु पाड्यावरच्या मुलापुढे अचूक साधन की चिंचोके अशी निवड नव्हती, ती चिंचोके की काहीच नाही, अशी होती.

कोसबाड, विकासवाडी आणि कुरणशाळा

१९५६-५७ च्या सुमारास केंद्राचे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. येथे वारली पाड्यांशी थेट संबंध आला आणि नवे अडथळे पुढे आले.

शाळेत नाव घातलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुली गैरहजर राहत, कारण धाकटे भावंड त्यांच्या कडेवर असे. भावंडाला सांभाळणारे कोणी नाही तोवर मुलगी शाळेत येणार नाही, हे उघड होते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. ताई वर्गात बसते, मधला भाऊ बालवाडीत आणि तान्हे पाळण्यात, अशी ही विकासवाडी होती. एका मुलाची शाळेची तयारी त्याच्या भावंडांपासून वेगळी काढता येत नाही, हा विचार तिच्या मुळाशी होता. बालवाडीतील मुलाला रोज शेजारी मोठी शाळा दिसत असल्याने सहाव्या वर्षी तेथे जाणे त्याला परके वाटत नसे, हा आणखी एक लाभ होता.

गुरे वळणाऱ्या मुलांची अडचण याहून वेगळी होती. ती सकाळीच गुरे घेऊन रानात जात आणि संध्याकाळी परतत. त्यांच्या घराला त्या कामावाचून चालत नसे. त्यांच्यासाठी शिक्षक पाट्या-पुस्तकांची पिशवी घेऊन कुरणावर जाऊ लागले. गुरे चरत असताना भरणाऱ्या या शाळेला कुरणशाळा असे नाव पडले. ताराबाई आणि अनुताईंनी या प्रयोगाची माहिती पुस्तकरूपानेही मांडली.

सन्मान आणि अखेरची वर्षे

१९६२ साली पद्मभूषण मिळाल्यानंतरही ताराबाई कोसबाडच्या कामात लक्ष घालत होत्या. वाढत्या वयामुळे प्रत्यक्ष जबाबदारी हळूहळू अनुताईंकडे गेली. ३१ ऑगस्ट, १९७३ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी ताराबाईंचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत ते कार्य पुढे चालवले. १९८५ साली त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला.

प्रभाव

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर, १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. बोर्डीच्या वस्तीतील शब्द अशा रीतीने देशभर पोहोचला. पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी यांबरोबर शाळापूर्व शिक्षण हाही या योजनेचा भाग आहे. प्रत्यक्षात आहारवाटप आणि नोंदवह्या यांच्या भारात शिक्षणाचा भाग अनेक ठिकाणी मागे पडतो, अशी टीका होत आली आहे. ताराबाईंच्या अंगणवाडीत स्वच्छता आणि आरोग्य होतेच, पण मुले जमत ती गाणी-गोष्टींसाठी.

शहरी मध्यमवर्गात उलट घडले. बालवाडीची जागा माँटेसरी हे नाव लावणाऱ्या, परंतु तिसऱ्या-चौथ्या वर्षी लेखन आणि गृहपाठ देणाऱ्या वर्गांनी घेतली, आणि प्रवेशासाठी मुलाच्या व पालकांच्या मुलाखती होऊ लागल्या. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शिशुवर्गातील प्रवेशासाठी चाचण्या व मुलाखती बंद करण्याची शिफारस केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलाची अथवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. पालकांच्या तयारीचा अर्थ मुलाखतीची तयारी असा होईल, हे शिक्षणपत्रिकेच्या काळात कोणाला सुचले नसते.

महाराष्ट्रात बालशिक्षणाचा हा वारसा अनुताई वाघ यांच्यानंतर ग्राममंगलसारख्या संस्थांनी डहाणू परिसरातच पुढे नेला. दादरचे शिशुविहार आणि कोसबाडचे केंद्र ही ताराबाईंच्या कार्याची दोन मुख्य ठिकाणे मानली जातात.